दिसलं, वाटलं

वारज्यात घारीला कुणी पक्षी समजत नाही. भारद्वाज दिसला तर आम्ही थांबून हात जोडतो, पावशा ओरडला तर घरात येऊन सांगतो. घार मात्र वाळवणाची वैरीण. महामार्गाच्या पुलावर, रामनगरातल्या चिकनच्या दुकानांवर, मुठेच्या काठी ती दिवसभर घिरट्या घालते आणि खाली कुणाची मान वर होत नाही. माझीही चाळिशी उलटेपर्यंत झाली नव्हती. ती वर करायला लावली आमच्या इमारतीत सर्वांत वर राहणाऱ्या टेल्कोतल्या काकांनी. त्या देण्यातून मी अजून मोकळी झालेले नाही. व्हायची घाईही नाही.

टेल्कोचं टाटा मोटर्स २००३ सालीच झालं, पण पिंपरीच्या कारखान्यात हयात घालवलेली माणसं स्वतःला टेल्कोतलीच म्हणवतात. काका टूलरूममध्ये होते. काकू गेल्यावर एकटेच राहत. पाण्याचा पंप त्यांच्या ताब्यात, त्यामुळे गच्चीची किल्लीही त्यांच्याकडे. बोलणं मोजकं. ८९च्या संपाचं विचारलं की पंपाकडे बघायला उठत. मला ते ‘वहिनी’ म्हणत आणि माझ्या मुलाला ‘अप्रेंटिस’.

गच्चीच्या दाराला आतून एक पिवळं हेल्मेट टांगलेलं असे, कारखान्यातलं. त्याची हकीकत २०१९ची. मागच्या बंगल्यातल्या निलगिरीवर घारीचं घरटं होतं, त्यात पिल्लं होती, आणि आमच्या गच्चीवर कुरडया. शेजारच्या वहिनींच्या डोक्यावर घारीनं मागून येऊन असा सपाटा मारला की त्या चाळणीसकट खाली बसल्या. संध्याकाळी बैठक, झाड तोडून टाका अशी मागणी. काका म्हणाले, झाड आपलं नाही, आणि तोडायचं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती येईपर्यंत पिल्लं उडालेली असतील. घार एरवी कुणाला काही करत नाही, पिल्लं असतात तेवढे दिवसच करते. दुसऱ्या दिवशी दाराला हेल्मेट टांगलं होतं. त्या वर्षीच्या कुरडया हेल्मेट घालून वाळल्या.

मी त्यात कुठेच नव्हते. मला ते सगळं गमतीचं वाटलं होतं, इतकंच.

२०२०च्या जानेवारीत त्याच निलगिरीवर पुन्हा काटक्या चढू लागल्या. फेब्रुवारीच्या मध्याला काका जिन्यात मुलाला म्हणाले, ‘‘अप्रेंटिस, तीन आहेत.’’ त्याची दहावी होती, त्यानं मान डोलावली आणि पुढे गेला. मार्चच्या ९ तारखेला राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यातच सापडले. आमचे हे एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. थोड्याच दिवसांत त्यांची राहण्याची सोय तिकडेच झाली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. दहावीचा शेवटचा, भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढे गेला आणि मग रद्दच झाला. मुलगा भूगोलाचं पुस्तक उघडून बसे आणि मिटे. मी शाळेत शिकवते. शाळा बंद. माझ्या डोक्यात दिवसभर एकच यंत्र चालू असे: ह्यांचा फोन उशिरा आला की मी त्यांना तापात बघे, फोन आला आणि आवाज बरा असला की ते लपवताहेत असं ठरवे.

अशात काका मास्क लावून दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘मला तीन पाळ्या लावायच्यात, माणसं दोन कमी आहेत.’’

गच्चीवर त्यांनी खडूनं चौकोन आखून ठेवले होते, सहा-सहा फुटांवर, कारखान्यात यंत्राभोवती पिवळे पट्टे असतात तसे. एका चौकोनात दुर्बीण, तिच्याखाली त्यांनी लेथवर स्वतः केलेला स्टँड, बेअरिंग बसवलेला, बोटानं ढकलला तरी डुगडुगत नसे. सकाळची पाळी त्यांची, दुपारची माझी, संध्याकाळची मुलाची. आणि एक लांब, पुठ्ठ्याच्या बांधणीचं रजिस्टर. पानावर पाच रकाने: तारीख, वेळ, वारा, दिसलं, वाटलं.

‘‘शेवटचा कशाला?’’ मी विचारलं.

‘‘तो नसला की लोक चौथ्यातच सगळं लिहितात.’’

रजिस्टरच्या पहिल्या पानावर घार नव्हती, १९९४च्या हिवाळ्यातला बहिरी ससाणा होता. कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर बसलेला, जेवणाच्या सुट्टीत कबुतर सोलताना. टाकीखाली पिसं पडत होती म्हणून काकांनी वर बघितलं, आणि पुढे सालिम अलींच्या पुस्तकात चित्र शोधून नाव लावलं. हा ससाणा थंडीपुरता आपल्याकडे उतरतो, उत्तरेकडून. उंच टाकी, चिमणी, मनोरा असं काही त्याला चालतं, कारण त्याला कडा हवा असतो आणि खाली कबुतरं. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद शाहीन. डोकं काळं, पोट विटकरी. तो सह्याद्रीच्या कड्यावर उघड्या खडकाच्या फळीवर अंडी घालतो, काटकीसुद्धा न रचता. शाहीनची पिल्लं कड्यावरून पहिली झेप घेताना बघायची म्हणून काका सुट्टीच्या दिवशी सिंहगडाच्या अंगाला जाऊन बसत. रजिस्टरची पानंच्या पानं कड्याची आहेत. ‘दिसलं’मध्ये ‘जोडी’, ‘नर भक्ष्य घेऊन’, ‘धुकं’. पिल्लांची झेप कुठेच नाही. गुडघ्यांनी जाब विचारायला सुरुवात केल्यावर ते घारीकडे वळले. ‘‘कडा मला गाठता येत नव्हता. ही तर पायजम्यावर बघता येते.’’

दुपारची पाळी मला का दिली हे तेव्हा कळलं नव्हतं. दुपारी घरट्यात काही घडत नाही. मादी, नराहून अंगानं थोराड, पिल्लांवर पंख धरून सावली करत उभी असते, चोच किंचित उघडी. नर तासन्‌तास गायब. तो येतो तेव्हा घरट्यात येत नाही, बाजूच्या फांदीवर उतरतो. मादी जाऊन त्याच्याकडून घास घेते, आणून फाडते, तुकडा तुकडा भरवते. जनाबाईंच्या अभंगात पिल्लांसाठी आकाशात हिंडणारी घार आई आहे, आणि तिच्यावरून जनाबाई विठ्ठलाकडे जातात. आमच्या निलगिरीवर ते पहिले काही आठवडे हिंडत होता तो बाप. मी हे ‘दिसलं’मध्ये लिहिलं आणि जनाबाईंना ‘वाटलं’मध्ये ठेवलं. काकांनी वाचून मान हलवली. त्यांच्याकडची ती मोठी शाबासकी.

नर तासन्‌तास गायब असे, त्याला कारण होतं. कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा फेब्रुवारीतच पसरली होती, कोंबडीचे भाव कोसळले, दुकानं ओस पडली, आणि नंतर टाळेबंदीत जी उरली होती तीही मिटली. शहरातली घार आभाळात राहते पण पोट तिचं खाटकाच्या ओट्याशी बांधलेलं. दिल्लीत निशांत कुमार यांनी घारींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. जिथे माणसं श्रद्धेनं मांसाचे तुकडे वर उडवतात त्या वस्त्यांभोवती तिथल्या घारींची घरटी दाटीनं असतात. म्हणजे आमच्या पिल्लांचं धान्य रामनगरच्या दुकानांतून येत होतं, आणि ते बंद झालं होतं. मी शाकाहारी घरात वाढले, चिकनच्या दुकानावरून जाताना पदर नाकाला लावणारी. त्या मार्चमध्ये मी ते दुकान कधी उघडेल याची वाट बघत होते.

रजिस्टरमध्ये आता सरडा येऊ लागला, घूस, साळुंकीचं पिल्लू. आणि कधी दुपारभर काहीच नाही. तिघांतलं धाकटं आधीच मागे पडत होतं. भरवताना थोरलं पुढे रेटायचं, मधलं त्याच्या खांद्यावरून, धाकट्याची चोच उघडून मिटायची. मार्च संपता संपता एका संध्याकाळी मुलानं दोनच मोजली. दुसऱ्या सकाळी काकांनीही दोनच मोजली आणि लिहिलं: ‘तिसरं गैरहजर.’

मुलगा चिडला. ‘‘आजोबा, मेलं ते. मेलं म्हणून लिहा.’’

‘‘तू बघितलंस?’’

‘‘दुसरं काय होणार?’’

‘‘ते पाचव्यात लिही. चौथ्यात गैरहजर.’’

तो तणतणत खाली आला. मला म्हणाला, म्हातारा खडूस आहे. मी काही बोलले नाही, कारण त्या वेळी मला काकांचं म्हणणं स्वतःला लावून बघायचं होतं. ह्यांचा फोन दुपारपासून आला नव्हता. दिसलं: फोन नाही. बाकी सगळं पाचव्या रकान्यातलं होतं, आणि पाचवा रकाना त्या रात्री फार लांब भरला. पण तो वेगळा भरला, एवढा फरक पडला. फोन साडेदहाला आला. चार्जर प्रयोगशाळेत राहिला होता.

मुलगा दोन दिवसांनी पुन्हा गच्चीवर गेला तो फोन घेऊन. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात घड्याळाचा उंच मनोरा आहे, त्यावर बहिरी ससाण्याच्या जोडीचं घरटं, आणि त्याच्यावर चोवीस तास कॅमेरा. काकांनी खडूच्या रेषेपलीकडून मान लांब करून बघितलं. ‘‘चित्र स्वच्छ आहे. वारा कळत नाही.’’ पण मुलानं पुढे जे शोधून आणलं ते त्यांनी दोनदा सांगायला लावलं. डीडीटीमुळे ससाण्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन ती आईच्या वजनाखालीच फुटत होती, ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली ते दाखवून दिलं. अमेरिकेच्या पूर्वेकडून तर हा पक्षी घरट्यांसह नाहीसा झाला होता. मग कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉम केड यांनी १९७० साली संस्था काढली, ससाणे पिंजऱ्यात वाढवले आणि पिल्लं कड्यांवर, शहरातल्या उंच इमारतींवर पेट्यांत ठेवून सोडली. १९९९ साली तो पक्षी तिथल्या धोक्यातल्या यादीतून निघाला. आजही तिकडे पिल्लं उडायच्या दिवसांत माणसं इमारतींखाली रस्त्यावर उभी राहतात, चुकून खाली आलेलं पिल्लू गाडीखाली जाऊ नये म्हणून.

काकांना केड यांच्यापेक्षा पेटीत रस. तळाला बारीक खडी, पुढे गज, आणि खाणं वरून नळीतून सोडायचं, म्हणजे खायला देणारा माणूस पिल्लांना दिसत नाही आणि ती माणसाला लागत नाहीत. ‘‘नळीचा व्यास दिलाय का?’’ मुलानं शोधलं, मिळाला नाही. काका खट्टू झाले. मला वाटतं त्यांनी मनात पेटी बनवूनही टाकली होती.

एप्रिल लागला तशी दोन्ही पिल्लं घरट्याबाहेर फांदीवर येऊ लागली. अंगभर ठिपके, डोळ्यामागे गडद पट्टा. नख्यांनी फांदी घट्ट धरायची आणि पंख मारत राहायचं. वारा आला की थोरलं वीतभर वर उचललं जाई आणि परत बसे. खाली महामार्ग मोकळा. पुण्यात इतकी वर्षं राहून मी पंखांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा.

आणि मग ते माझ्या पाळीत झालं. दुपारचे सव्वातीन, वारा पश्चिमेचा, झोत येऊन थांबणारा. थोरलं नेहमीसारखं पंख मारत होतं. झोत आला, ते उचललं गेलं, आणि फांदी त्याच्या खालून बाजूला गेली. फांदी हलली की पिल्लू, ते मला सांगता येणार नाही. ते परत बसायला गेलं तेव्हा तिथे काही नव्हतं. त्यानं पाय लोंबकळत ठेवून पंख मारले, खूप मारले, घारीला शोभणार नाहीत इतके, आणि समोरच्या इमारतीच्या पत्र्याच्या शेडवर आपटून घसरत गेलं. मग उठलं आणि पंख मिटायचं विसरून बसून राहिलं. आई वरून एक चक्कर मारून गेली. मधलं फांदीवरून बघत होतं.

मी रजिस्टर भरलं. काका सकाळी आल्यावर उलटतपासणी झाली: पंख आधी की झोत आधी? पाय कधी सुटले? शेडच्या कोणत्या टोकाला? मला सगळं सांगता आलं. ज्या माणसानं कड्याखाली वर्षं काढली त्याला जे मिळालं नाही ते बिनकामाच्या दुपारी मला मिळालं होतं, आणि त्याबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर तसूभर काही नव्हतं, निदान मास्कच्या वरच्या भागात तरी. पाचव्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘ह्यांना फोन करून सांगावंसं वाटलं.’ संध्याकाळी बघते तर त्याखाली तांबड्या पेनानं, इन्स्पेक्शनच्या अक्षरात: ‘मग केला का?’

केला. ते पीपीई किट उतरवून नुकतेच बाहेर आले होते. मी घारीचं सांगत राहिले, ते ऐकत राहिले. त्या महिन्यातला तो पहिला फोन, ज्यात आम्ही तापाचं बोललो नाही.

मधलं पिल्लू सरळ उडालं नाही. ते दोन दिवसांनी उडालं की पडलं कोण जाणे, सापडलं ते पार्किंगमध्ये. स्कूटरच्या आडोशाला पाठीवर रेलून, नख्या पुढे करून. वर कावळ्यांची सभा. टाळेबंदीत आमच्या वॉचमनचं बिऱ्हाड पार्किंगमध्येच होतं, त्यानं छत्री उघडून कुत्री अडवली आणि वर हाक मारली. काका हेल्मेट घालून उतरले. मुलाला म्हणाले, ‘‘पाणी नाही, खाणं नाही, कुरवाळणं नाही.’’ पंख दोन्ही सारखे मिटतात का बघितलं, टॉवेल टाकला, खोक्यात घातलं, पंपघराच्या छतावर नेऊन खोकं आडवं केलं आणि मागे सरले. तेवढ्यात आईनं हेल्मेटवर टण्‌ असा ठोका दिला. काका खूश झाले. ‘‘चला, आई ड्यूटीवर आहे.’’ दुसऱ्या दिवशी छतावर उंदराचं शेपूट पडलेलं होतं, आणि दुपारी छत रिकामं.

त्या दिवसांत मी काकांना डबा पाठवत असे, लिफ्टमध्ये ठेवून बटण दाबायचं. डबा रिकामा परत करू नये हे त्यांनी पाळलं. कधी कुंडीतली लिंबं, कधी आमच्या मिक्सरची दुरुस्त करून दिलेली कपलिंग. हिशेब कधीच माझ्या बाजूनं झुकला नाही.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून आत आलं, पुण्यात झाडं उन्मळली. आमची निलगिरी राहिली, घरटं खाली आलं. पिल्लं केव्हाच गेलेली होती. काका आणि अप्रेंटिस, दोघांनी हातमोजे घालून ते बंगल्याच्या अंगणात, मालकांना विचारून, सुटं केलं, एखादं यंत्र खोलावं तसं भाग ओळीनं मांडत. निलगिरीच्या काटक्या, कपड्यांच्या हँगरची तार, साडीचा काठ, परकराची नाडी, निवडणुकीच्या फ्लेक्सचा तुकडा ज्यावर फक्त जोडलेले हात उरले होते, आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या चिंध्या. स्पेनमधल्या दोन्याना राष्ट्रीय उद्यानात फाब्रित्सिओ सेर्जिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घारींच्या या पांढऱ्या प्लास्टिकचा अभ्यास करून २०११ साली दाखवलं होतं, की जोडी जेवढी भक्कम तेवढी सजावट जास्त, बाकीच्या घारींना तो इशारा. मुलानं हे वाचून सांगितल्यावर काकांनी चिंध्या पुन्हा एकदा मोजल्या. सगळ्यांत खाली नायलॉन मांजाचा गुंता होता. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातलेला मांजा. तिसऱ्याचं काही सापडलं नाही. ‘गैरहजर’ तसंच राहिलं.

दोनच दिवसांनी पर्यावरणदिनाला केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी दोनशे शहरांसाठी नगर वन योजना जाहीर केली, आणि त्यात उदाहरण म्हणून दाखवलं ते वारज्याच्या टेकडीवरचं स्मृतिवन. उजाड वनजमिनीवर लोकांनी आणि वनखात्यानं मिळून उभं केलेलं. आमची पिल्लं महामार्ग ओलांडून त्याच बाजूला जाताना मुलानं बघितली होती. काका पेपर घडी करत म्हणाले, ‘‘वसतिगृहाची सोय झाली.’’

ते माझ्यासाठी नुसते पक्षी दाखवणारे शेजारी राहिले असते, तर मी हे लिहायला घेतलं नसतं. सप्टेंबरमध्ये, पुण्यात खाटा मिळत नव्हत्या तेव्हा, हे आजारी पडले. घरीच, वेगळ्या खोलीत. मी रजिस्टरच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. दिसलं: ऑक्सिजन ९४, ताप १०१, अर्धी भाकरी खाल्ली, खोकला रात्री जास्त. वाटलं: ते इथे लिहिणार नाही. डॉक्टर फोनवर विचारत तेव्हा मी डावा रकाना वाचून दाखवे, आणि ते म्हणाले, तुम्ही नीट सांगता, असं फार कमी जण सांगतात. ९४चे ९३ झाले, मग ९५. माणूस बरा झाला. त्याचं श्रेय रकान्यांना नाही, औषधांना आणि नशिबाला आहे. पण ते दिवस मी उभी राहून काढले, ते कुणाच्या जोरावर हे मला माहीत आहे.

काका पुढे मुलीकडे नाशिकला गेले. दुर्बीण नेली, रजिस्टर अप्रेंटिसला दिलं. तो पक्षिशास्त्रज्ञ वगैरे झाला नाही, मेकॅनिकलला गेला आणि सुट्टीत घरी आला तर बारापर्यंत झोपतो. नोंदी आता मी करते, दुपारच्या.

गेल्या हिवाळ्यात निलगिरीच्या वरच्या फांद्या छाटल्या गेल्या. मी काकांना फोन केला, म्हटलं, जोडी महामार्गाकडच्या मोबाइल टॉवरवर गेली, काटक्या चढताहेत.

‘‘तीच जोडी?’’

‘‘तीच असावी.’’

‘‘पायात कडं होतं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग एक जोडी लिहा. तीच लिहू नका.’’ मग थोडं थांबून, ‘‘टॉवरची शिडी कोणत्या अंगाला आहे? माणूस चढतो का दुरुस्तीला?’’ मी सांगितलं. ‘‘त्याला हेल्मेट द्या. आणि पंपाची ग्लँड दोरी बदलली का? गळत होती मी निघालो तेव्हा.’’

बदलली नव्हती. मी खरं ते सांगितलं.

‘‘कमिटीला सांगा. उन्हाळ्यात पंप बसला म्हणजे कळेल.’’